काचेतलं दार

२४ ऑक्टोबर, शुक्र.
दिवाळी झाली. मंगल गेल्यानंतरची पहिली. घरात कढई चढवली नाही. शेजारच्या रमाबाईंनी फराळ आणून दिला. लक्ष्मीपूजनाला मंगल माझ्या कॉम्प्युटरलाही कुंकू लावायची, मॉनिटरच्या कडेवर. गेल्या वर्षीचा डाग अजून आहे. नवं लावलं नाही.

२७, सोम.
कामाला बसलो. प्रकाशा गावच्या पटेलांच्या नव्या घराचा नकाशा मीच काढून दिलेला. आज त्यांच्या गवंड्याचा फोन. "भाऊ, मांगलं दार कोठे शे? म्हशी काय बैठकमाईन काढसूत?"
हसत होता. मीही हसलो. नकाशा उघडून पाहिला तर खरंच मागचं दार नाही. जुन्या मॉनिटरची डावी बाजू काळवंडली आहे, तिथल्या रेघा दिसतच नाहीत. लोकांची दारं-खिडक्या काढण्यात वय गेलं. भिंती चढायच्या आधी कळलं, हे बरं.

३०, गुरु.
डोळ्यांतून पाणी येतं. संध्याकाळी जास्त. सुरतेहून पोरीचा फोन. "पप्पा, ते डबडं फेकी द्या आते. चपटं लई या."
हो म्हटलं. गेलो नाही.

१ नोव्हें., शनि.
का गेलो नाही, ते लिहून ठेवतो. पोरीला सांगता येणार नाही.
मी भिंतीकडे तोंड करून बसतो. स्वयंपाकघराचं दार पाठीमागे. नकाशाचं काम करताना पडदा काळा असतो, आणि या फुगीर काचेत मागचं दार दिसतं. मंगल चहा घेऊन यायची ती पाय न वाजवता. हातातली रेघ पुरी होईपर्यंत बोलायची नाही. मला काचेत दिसायची. मी मुद्दाम रेघ लांबवायचो. तिला ते कळायचं. "तुम्हनी रेघ तापीना पार गई का?"
दार अजून दिसतं.

४, मंगळ.
गवंडी सुधारलेला नकाशा मागतोय. शेवटी बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्या शेठकडे गेलो. साधा, स्वस्तातला चपटा मॉनिटर घेतला. जुन्याचं सांगितलं तर शेठ म्हणाले, "हाई आते कोन वापरस भाऊ? आनी द्या, आतलं तांबं निघी. भाव कमी करी दिसू." नव्याचा भाव आधीच कमी लावला. मी आणून देतो म्हणालो. शब्द दिला आहे.

५, बुध.
रेघा केसासारख्या स्वच्छ. डोळ्यांना त्रास नाही. पटेलांचं मागचं दार काढलं, म्हैस आरामात जाईल एवढं रुंद.
पण या पडद्यात काहीच दिसत नाही. चकाकीच नाही, काळं कापड ताणल्यासारखा. दुपारी रमाबाई चहा घेऊन कधी आल्या कळलं नाही. "भाऊ" म्हणाल्या आणि दचकलो. चहा सांडला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. त्यांचा काय दोष.

९, रवि.
पोरीला एवढंच सांगितलं, की मागून कोण येतं ते दिसत नाही. "मंग टेबल फिरवी ल्या ना पप्पा. दारकडे तोंड करी बसा."
फिरवलं. दिवसभर दार समोर. मोकळं. काचेत ते मोकळं आहे असं कधी वाटलं नव्हतं. तिथे वाटायचं, आता कुणी तरी…
संध्याकाळी टेबल परत भिंतीला लावलं.

१४, शुक्र.
शेठचा फोन. "भाऊ, डबडं कवय आनतस?"
सोमवारी म्हटलं.
जुना मॉनिटर टेबलाशेजारी स्टुलावर ठेवला आहे. वायर काढलेली. तोंड जरा तिरपं केलं. त्यात दार येतं.

१७, सोम.
गवंड्याचा फोन. पटेलांकडे मागच्या दाराची चौकट उभी राहिली. "म्हशी खूश शेतस भाऊ," म्हणाला.
दुपारी रिक्षावाल्याला बोलावलं. मॉनिटरची धूळ पुसली, कुंकवाची कड तेवढी सोडून. मंगलच्या जुन्या लुगड्यात बांधायला घेतला. काच झाकायची राहिली आहे.
रिक्षावाला आलाय. ओट्यावर बसलाय. हातातली रेघ पुरी करून येतो, म्हटलं त्याला. "करा भाऊ, घाई नही," म्हणाला.
रेघ चालू आहे.