खीर नासली नव्हती

पुणे, ३ ऑगस्ट २०२५

ती. शांताआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या कानातल्या यंत्रात फोन घुमतो, म्हणून पत्र. अक्षरावरून बोलणी खायची तयारी ठेवली आहे.

मी आणि आपल्या परळच्या खालच्या मजल्यावरची संघमित्रा ज्या कंपनीत कॉम्प्युटरवरचा खेळ करतोय, त्या खेळाची गोष्ट मी लिहिली आहे. त्यात डोंगरवाले आणि खाडीवाले अशा दोन जमाती आहेत. आमच्या विनीत सरांनी मुलाखतीत जाहीर केलं की या जगात दोघे अगदी बरोबरीचे आहेत, जुनं वैर संपलं आहे. पण एका प्रसंगावर संघमित्रा अडून बसली आहे. खाडीवाली शेजारीण सणाला वाटीभर खीर पाठवते. डोंगरवाली आजी ती नासली म्हणून मागे ओतून देते, वाटी घासते आणि साखर भरून परत करते. रिकामी वाटी परत पाठवायची नाही, ही तुझीच शिकवण. मला तर खेळातला सगळ्यात गोड प्रसंग तोच वाटतो.

संघमित्रा म्हणते, सर काहीही सांगोत, खेळणाऱ्याला बरोबरी दिसणार नाही, ओतलेली खीर दिसणार. मी सगळ्यांदेखत म्हटलं की करणाऱ्यांनी सांगितलं तेच खरं, तुला मेली जिथे तिथे जातच दिसते. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. राजीनामा लिहून ठेवलाय म्हणे. पंचवीस तारखेला बैठक आहे. तू कॉलेजात साहित्य शिकलीस. कोण बरोबर ते लिही, मी बैठकीत वाचून दाखवीन.

बोलणी खायला हक्काची,
श्रेया

परळ, ९ ऑगस्ट

चि. श्रेयास,
अ. उ. आ.

अक्षराबद्दल पुन्हा कधीतरी. संघमित्रा बरोबर आहे. लिहिणाऱ्याने बाहेर उभं राहून काय सांगितलं याला किंमत नाही. गोष्टीत माणसं काय करतात, तेवढंच खरं. मला हे बी.ए.ला शिकवलं होतं. ते फक्त पुस्तकांना लागू आहे, असं मी सोयीने धरून चालले.

खीर नासलेली नव्हती. एकदाही नाही. दर बुद्धपौर्णिमेला खालच्या मजल्यावरून संघमित्राची आई, मीराबाई, ती पाठवायच्या. मी दारात हसून घ्यायचे, वेलचीचं कौतुक करायचे आणि आत येऊन मोरीत ओतायचे. अकरा वर्षं. तू सात वर्षांची असताना विचारलंस, तेव्हा नासली म्हणून सांगितलं. याच तोंडाने मी शाळेत मुलांकडून समतेवर निबंध लिहून घेतले आणि आल्यागेल्याला ऐकवलं की आमच्याकडे जातपात कुणी मानत नाही. तुझे विनीत सर एका मुलाखतीत बोलले, मी जन्मभर बोलले.

तू त्याला गोड म्हटलंस ते वाचलं आणि पत्र पालथं घातलं. तो दोष माझा. सगळ्यांदेखत संघमित्राला जे बोललीस, तो तुझा.

मीराबाई आता नायगावला राहतात. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. पाय उचलत नाही, पण जाणार. बैठकीत वाचायचं असेल तर हेच पत्र वाच.

आशीर्वाद आहेच, तो घेण्याजोगा वाटला तर घे.
शांता

पुणे, १५ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र आधी संघमित्राला दिलं. तिने दोनदा वाचलं, घडी घालून परत केलं आणि म्हणाली की हे तिला आठवीपासून माहीत आहे. मग तिने विचारलं, आता तो प्रसंग काढणार का. मी म्हटलं, आजच काढते. त्यावर म्हणाली, ओतायचं तेही तुम्हीच, आणि पुसायचं तेही तुम्हीच.

तेव्हापासून मला तिच्याकडे बघवत नाही. मी काय करू ते लिही.

श्रेया

परळ, १९ ऑगस्ट

चि. श्रेयास,
अ. उ. आ.

मीराबाईंकडे जाऊन आले. त्यांना पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आपल्या मोरीचा पाइप त्यांच्या खिडकीखालच्या गटारात पडायचा. बेदाणे जाळीवर अडकलेले दिसायचे. मी विचारलं, मग पाठवत का राहिलात. त्या म्हणाल्या, पाठवणं माझं काम होतं, ओतणं तुमचं. तुमच्यामुळे मी माझं का सोडू. मी माफी मागितली. ऐकलं, म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मला पुन्हा मागण्याचा धीर झाला नाही. चहा मात्र दिला. तो प्याले तेव्हा त्या माझ्याकडेच बघत होत्या.

आता तुझं. प्रसंग काढू नकोस. आजीचं ते खोटंही तसंच राहू दे. काढायचं ते सरांचं जाहीर बोलणं, आणि ते काढत नसतील तर खीर का ओतली हे तू बैठकीत लेखी मांड. संघमित्राची माफी सगळ्यांसमोर माग, कारण बोललीस तेव्हा सगळे होते. तिने राजीनामा तरीही दिला, तर तिची समजूत घालत बसू नकोस.

आणि कुणी विचारलं हे कुठून सुचलं, तर आपल्याकडे पूर्वी असं चालायचं, असं मोघम सांगू नकोस. शांता गुणाजी सावंत, निवृत्त शिक्षिका, परळ, एवढं सांग.

लोभ ठेवायचा की नाही, ते माझं नाव घेऊन झाल्यावर ठरव.
शांता