नीरफणसाच्या पानाची मालकी

सालेलोलोंगा, सावाई
९ सप्टेंबर

तीर्थरूप वहिनींस,
कोलिओचा नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सर्व ठीक. नीरफणस यंदा लवकर धरला. रविवारी चर्चमध्ये मोसेसाठी प्रार्थना झाली, ती मीच सांगितली. ऑकलंडचे डॉक्टर त्याच्या मूत्रपिंडाचं काय म्हणतात? तुम्ही लेकाच्या उशाशी आहात, तिथेच राहा. इकडची घाई करू नका.

आईची चौकशी केलीत. ती बरी आहे. सध्या तुमच्या माहेरी राहते. म्हातारं माणूस, एकेक लहर असते.

तुमच्या कापडाच्या दुकानाचंही कळवतो. पूर्वी कापडावरची कुठली नक्षी कुणाची, हे गावच ठरवायचं. आता नवा कायदा आलाय. आपियाच्या कचेरीत जो नोंदवेल त्याची नक्षी. तुमची ती नीरफणसाच्या पानाची नक्षी उघड्यावर पडली होती. उद्या कुणी परक्याने उचलली असती. म्हणून मी नोंदवली. घरातल्या कुणाच्या तरी नावावर हवी, तर माझ्या नावावर केली. आज आपला फेलेतीदादा असता तर त्यानेही हेच केलं असतं.

हे तुम्हाला आधी कळवायला हवं होतं, असं आई म्हणते. हरकतीची मुदत होती तेव्हा मोसेचं ऑपरेशन होतं. अशा वेळी तुमच्या डोक्याला ताप कशाला?

आई मात्र एकटी बोटीत बसून आपियाला गेली. मीही मागोमाग गेलो. कचेरीतल्या साहेबासमोर उभी राहून म्हणाली, "ठसा माझ्या सुनेने कोरला. मी शेजारी बसून पाहिलाय." साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "वर्षभर असंच चाललंय हो. मेलेल्या मुलालाही जेवायला हाक मारते." साहेब भला माणूस. त्याने तिला पाणी दिलं, हाताला धरून बाकावर बसवलं. परतीच्या बोटीत ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

पुढे तिने हट्टच धरला. तुमच्या ठशाने कापड छापून बाजारात मांडून बसली. मला ते थांबवणं भाग पडलं. नक्षीचा करार मी परदेशातल्या एका गिरणीशी केलाय, त्यांना काय तोंड दाखवू? बाजाराच्या मुकादमाने कापड उचललं. ठसा तिने मांडीखाली दाबून धरला होता, तो मीच काढून घेतला. लोक उगाच तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून आधीच कळवतो.

तुम्ही नाताळला आलात तर दुकानात बसायला माझी ना नाही. कापड मात्र गिरणीचंच विकावं लागेल.

मोसेला आशीर्वाद.
तुमचा, घर सांभाळणारा दीर,
कोलिओ


ऑकलंड
२७ नोव्हेंबर

कोलिओ भाऊजींस,
मोसे घरी आला. अळूचा कांदा उकडून दिला तर दोन घास खाल्ले.

तुमचं पत्र मी इथल्या एका वकीलबाईंना दाखवलं. नोंदवायची तर नक्षी नवी लागते, आधी कुणी न पाहिलेली, असं त्या म्हणाल्या. ती नक्षी नऊ वर्षं आपल्या चर्चच्या वेदीच्या कापडावर लोंबतेय. तुम्ही दर रविवारी तिच्यासमोर गुडघे टेकता. मी पाद्रीबाबांना आणि गावच्या कुळप्रमुख मताईंना फोन केला. सगळ्यांनी कचेरीत जाऊन तसं सांगितलं. आईंचंही म्हणणं साहेबाने या वेळी लिहून घेतलं.

सोमवारी तुमचं नाव खोडलं. वकीलबाईंनी मला आधीच बजावलं होतं, "त्यांचं नाव गेलं, तरी तुमचं लागणार नाही. मग ती कुणाचीच राहत नाही. कुणीही छापावी." मी म्हटलं, चालेल.

आता तुमची गिरणी फुकट छापेल, तुम्हाला दमडी देणार नाही. मलाही नाही. बोटीने स्वस्त कापड येईल, आणि दोन्ही बेटांवर माझी पानं नेसून लोक हिंडतील. माझं दुकान बुडालं. हे ठाऊक असूनच मी केलं. फेलेतीच्या माघारी दुकान जगवलं तेव्हा जेवढा आनंद झाला नव्हता, तेवढा परवा झाला. तो चांगला आनंद नव्हता.

नाताळला मी येत नाही. आईंनाच इकडे बोलावून घेतेय, विमानाचं तिकीट काढलंय. त्यांना निरोप द्यायला येऊ नका. त्यांनी तसं सांगितलेलं नाही, हे मी सांगतेय. काल फोनवर त्या एवढंच विचारत होत्या, कोलिओ जेवतो का नीट.

मी विषय बदलला.

सालोमे