भुकटीला न सांगता केलेलं ऑपरेशन

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण पोटावर पालथं पडायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून या खेपेला उभ्या उभ्याच स्वीकारावा. (कुठले डॉक्टर आणि कसली मनाई, ते पुढे येईल. आत्ताच चिडू नकोस, चिडायला पुढे पुष्कळ जागा ठेवली आहे.) वहिनींना नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीवर जातो. या वेळी मात्र खरोखर विचारतो आहे. हे पत्र वाचून तू माझ्याशी बोलणं टाकशील अशी धास्ती आहे, तरी लिहितो, कारण न लिहिलं तर त्याहून वाईट होईल.

तर गोष्ट अशी की माझं ऑपरेशन झालं. मी प्रशिक्षणाला गेलो आहे असं तुझ्या भावजयीने तुला फोनवर सांगितलं ते खोटं होतं, आणि तिला ते मीच पढवलं होतं. कसलं प्रशिक्षण, असं तू विचारशील हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिने बिचारीने समोर पाहिलं, समोर मी नळ्या लावून पडलो होतो, आणि तिने ‘श्वासाचं’ असं ठोकून दिलं. त्यावर तू म्हणालास म्हणे, उत्तम, उद्घोषकाला श्वास फार महत्त्वाचा. ते तिने मला सांगितलं तेव्हा मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. परिचारिका म्हणाली, थंडी वाजते का? मी हो म्हणालो. ऑपरेशन आम्लपित्ताचं होतं, दादा. ज्याच्यावर तू इतकी वर्षं स्वतःच्या हाताने भुकटी कुटून, वस्त्रगाळ करून, डब्यात भरून मला पाठवतोस, त्याच आम्लपित्ताचं.

आता भुकटीबद्दल. उभी हयात तू मुलांना रसायनशास्त्र शिकवलंस, त्यामुळे तुझ्या भुकटीवर शंका घेणं म्हणजे वर्गात मागच्या बाकावरून हात वर करणं, आणि तो मी शाळेतही कधी केला नाही. पहिला डबा आला तेव्हा तू फोन करून विचारलंस, कसं वाटतंय? मी म्हणालो, उतार आहे. खरं सांगायचं तर तेव्हा मी डबा उघडलाही नव्हता. मग उघडला, इमानेइतबारे घेतलीही. जळजळ होती तिथेच राहिली. पण एकदा उतार आहे म्हटल्यावर पुढच्या महिन्यात काय सांगणार? मग दर महिन्याला उतारच. एवढा उतार खरंच पडला असता तर माझं आम्लपित्त केव्हाच जमिनीखाली जाऊन पोचलं असतं. तू मात्र प्रत्येक वेळी इतका खूश व्हायचास की मला वाटायचं, जळेना का छाती, माणूस तरी आनंदात आहे. पुढे तू शेजाऱ्यांना, न्हाव्याला, शाळेतल्या जुन्या मास्तरांना भुकटी द्यायला लागलास आणि दाखला माझा द्यायला लागलास, की बघा, आमचा धाकटा दिवसभर माइकवर बोलतो.

त्या माइकवर काय चाललं होतं ते आता ऐक. आमची उद्घोषणेची खोली तुला ठाऊक आहे. फलाटांच्या डोक्यावर काचेची पेटी, त्यात रेक्झीन फाटलेली खुर्ची, आणि टेबलावर माइक, त्याला लाल बटण. बटण दाबलं की साऱ्या बसस्थानकाला ऐकू जातं, सोडलं की बंद. पूर्वी मी बटण दाबण्याआधी घसा खाकरायचो. मग दाबल्यावर खाकरायला लागलो. मग गाडीचं नाव आणि फलाटाचा आकडा यांच्या मध्ये. शेवटी शेवटी तर अशी पाळी आली की आकडा यायचा तिथे ढेकर यायचा, आणि प्रवासी तोंडं वर करून एकमेकांना विचारायचे की हा कितवा फलाट. (एकदा एक अख्खं वऱ्हाड चुकीच्या गाडीत चढलं. नवरा मुलगा तेवढा मागे राहिला आणि बरोबर गाडीत बसला म्हणून लग्न वाचलं.) साहेबांनी मला बोलावून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, घशाच्या डॉक्टरांना दाखवा, नाहीतर तुम्हाला पार्सलच्या खिडकीवर बसवावं लागेल. इतकी वर्षं ज्या आवाजावर घर चाललं तो आवाज पार्सलच्या खिडकीवर, या कल्पनेने माझी छाती आणखी जळली.

घशाच्या डॉक्टरांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि मग आणखी एक तपासणी सांगितली. तिची हकीकत मी कुणालाही सांगितलेली नाही, तुला सांगतो. नाकातून एक बारीक नळी पोटाच्या तोंडापर्यंत सोडतात, तिचं दुसरं टोक कमरेला बांधलेल्या डबीत. एक दिवस, एक रात्र ती बाळगायची आणि नेहमीची कामं करायची. जळजळ झाली की डबीवरचं बटण दाबायचं, म्हणजे आम्ल नेमकं केव्हा वर येतं ते कळतं. नेहमीची कामं म्हणजे माझी उद्घोषणा. आता तूच सांग, एका हाताखाली माइकचं बटण, दुसऱ्या हाताखाली जळजळीचं, आणि समोर गाड्यांचं वेळापत्रक. व्हायचं तेच झालं. गाडी आली की मी कमरेचं बटण दाबून काचेकडे बघत खणखणीत घोषणा करायचो, ती खाली कुणालाच ऐकू जायची नाही. आणि छातीत आग उठली की माइकचं बटण दाबून ‘आई गं, मेलो’ असं म्हणायचो, ते सगळ्या फलाटांवर. मला वाटलं, आज लोक फार प्रेमाने वर बघताहेत. दुपारी चहावाला वर आला आणि म्हणाला, खाली सगळे विचारताहेत, कोण गेलं?

पुढचं ऐकायला तू जवळ नाहीस हेच बरं. डॉक्टरांनी आलेख पसरला, चष्मा वर केला आणि विचारलं की तुम्हाला ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखी जळजळ कशी होते? त्यांच्याबरोबर दोन शिकाऊ डॉक्टरही होते, ते वाकून बघायला लागले. मला सांगावं लागलं की ती जळजळ नव्हे, त्या गाड्या आहेत. शिकाऊंपैकी मुलगी होती ती तोंडावर फाईल धरून बाहेर गेली. बटणं चुकली तरी नळी चुकली नव्हती. आम्ल भरपूर वर येत होतं, ते तिने स्वतःच नोंदवलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या जन्मभर घ्या आणि निम्मं बरं राहा, नाहीतर ऑपरेशन करून टाकू. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळायचा आणि टाके घालायचे, म्हणजे वर येणारी वाट आवळली जाते.

निर्णय मी घेतला असं मी सगळ्यांना सांगतो, पण घेतला तुझ्या भावजयीने. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या होत्या. मी पलंगाची कड घट्ट धरून झोपायचो, त्यामुळे वर राहायचो. तुझी भावजय हलकी, रोज सकाळी पायथ्याशी गोळा झालेली सापडायची. ती एवढंच म्हणाली, “तुमचं पोट उंचावर आणि मी दरीत. आता एकतर विटा जातील, नाहीतर मी.” विटा गेल्या.

ऑपरेशन मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा पोटापेक्षा खांदा ठणकत होता. मला खात्रीच पटली की यांनी पोट समजून खांदा कापला, आणि मी तसं मोठ्याने बोललोही. (पोटात हवा भरून काम करतात, ती हवा मग खांद्याला कळ लावते. हे मला आधी समजावलं होतं. मी तेव्हा मान हलवत होतो, ऐकत नव्हतो.) मग सुरू झालं पातळ खाणं. गाळलेलं, पुन्हा गाळलेलं, आणि दोन्ही वेळा चव काढून टाकलेलं. पुढे मऊ. घास लहान, चावायचा इतका की आपण काय खायला घेतलं होतं ते विसरायला व्हावं. आणि मुख्य म्हणजे ढेकर बंद. जो ढेकर साऱ्या बसस्थानकाने ऐकला तो आता काही केल्या येत नाही. वारा मात्र पोटात होतो तेवढाच होतो, आणि वरची वाट बंद म्हटल्यावर तो खालच्या वाटेने जातो. आमच्या काचेच्या खोलीला खिडकी नाही, हे तुला ठाऊकच आहे. पाळी बदलताना त्याच खोलीत दुसऱ्या पाळीच्या बाई येतात, फार सज्जन. त्यांनी सरळ साहेबांकडे पंख्यासाठी अर्ज दिला. पंखा आला. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे मान वर करून बघितलेलं नाही.

आवाज मात्र परत आला, दादा. स्वच्छ, खणखणीत. पण कुणाला त्याचं काही नाही. एक नेहमीच्या आजीबाई वर येऊन मलाच विचारून गेल्या की ते पूर्वीचे खाकरणारे कुठे गेले, ते खाकरले की आमचं लक्ष जायचं, आता गाड्या चुकतात.

असो. वहिनींना सांभाळ, स्वतःला सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. भुकटीचे डबे माळ्यावर नीट रचून ठेवले आहेत. एकही टाकलेला नाही. (हेही पूर्ण खरं नाही. एका डब्यातल्या भुकटीने हिने बेसिन घासलं. लख्ख निघालं, पण ते तुझ्यासमोर बोलायचं नाही असं मी तिला बजावलं आहे.)

ता. क. दुसरा. खरं पत्र इथून पुढे. वरचं सगळं मी धीर यावा म्हणून लिहिलं. परवा वहिनींचा फोन आला होता. तू नको म्हणाला होतास तरी त्यांनी सांगितलं, त्यांच्यावर रागावू नकोस. तू खुर्चीत बसून झोपतोस. जेवताना घास अडकतो, तो पाण्याने ढकलतोस. अंगातले कपडे सैल झालेत. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतोस, धाकट्याला भुकटीने गुण आला, मलाही येईल, थोडा दम धरा. दादा, धाकट्याला गुण आला नव्हता. मी तुला बरं वाटावं म्हणून बोलत राहिलो आणि तू ते खरं मानून चमच्या चमच्याने भुकटी खातो आहेस. मला लाज वाटते आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते. घास अडकणं ही साधी जळजळ नव्हे, उशीर करू नका, असं आमचे डॉक्टर म्हणाले. सोमवारची वेळ घेतली आहे. रविवारी मी तुला न्यायला येतो. वाटेत एक अक्षर बोलू नकोस, पाठ करून बस, पण चल.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का? मी म्हणालो, छे, आमचे दादा तर स्वतःच औषध बनवतात. डॉक्टर हसले, आणि ते हसले म्हणून मला चेव आला. तू भुकटी चाळताना एक डोळा मिटून ओठ कसे पुढे काढतोस, त्याची मी त्यांना नक्कल करून दाखवली. फार छान जमली. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून पुन्हा करायला लावली, आणि मी पुन्हा केली. सोमवारी तुला घेऊन आत गेलो की ते तुला ओळखतील. तेव्हा तुला जे बोलायचं असेल ते मला तिथेच, त्यांच्यासमोर बोल. फक्त येणं रद्द करू नकोस.