पडद्यावरचं बंदर

ता. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. ह्यांना गोदीत जहाजाच्या इंजिनाची दुरुस्ती करायची आहे, त्यामुळे हे सकाळीच जातात आणि मी मोकळी. पहिल्याच दिवशी धक्क्यावर गेले आणि कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. दादा, तू फोटो स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेलं बंदर खरोखरच आहे. तोच किल्ला, पाण्यात उतरलेल्या त्याच काळ्या पायऱ्या, मागे तोच सपाट माथ्याचा डोंगर. आपल्या गावातलं प्रत्येक नवं जोडपं ज्याच्यापुढे अवघडून बसलं, ते सगळं माझ्यासमोर होतं. इतकं मोठं काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

निघताना तू बजावलंस, नीट बघ आणि खरं ते कळव. चुकलं असेल तर पडद्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारून मोकळा होतो, म्हणालास. म्हणून सांगते. तुझं बंदर उलटं आहे. किल्ला तुझ्याकडे डावीकडे, इथे उजवीकडे. डोंगराचा उतारही दुसऱ्या अंगाला. बाकी एक दगड इकडचा तिकडे नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, हे वाचून तो आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी


ता. ११ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. स्टुडिओच्या मालकांनी मला त्या बंदराची काचेची निगेटिव्ह दिली होती. ती खिडकीला टेकवून मी चित्र उतरवलं. उलट्या बाजूने टेकवली असणार, दुसरं काय. म्हणजे अख्ख्या गावाला मी उलट्या बंदरापुढे बसवलं, तुझ्या लग्नाच्या फोटोतही तेच. तुझी वहिनी म्हणते, त्याने कोणाचा संसार उलटा झाल्याचं ऐकिवात नाही. तिला हसू येतं, मला येत नाही. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला. मोठं म्हणावं असं काम ते एकच.

त्यात पडद्यावरच्या पाण्यातला तो देवमासा. काचेवर तो नव्हताच, शेपटी मी मनाने घातली. लोक ती बघून विचारतात, होडी बुडतेय का. महिनाअखेरीस स्टुडिओ बंद असतो, तेव्हा सगळंच पांढरं करून टाकतो. रंग आणून ठेवलाय. बंदराचं आणखी काही कळवू नकोस.

आशीर्वाद आहेत, ते तरी सुलटे समज.

दादा


ता. १६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कळवू नकोस म्हणालास, तरी कळवते. तुझं मी कधी ऐकलंय? रंगाचा डबा उघडण्याआधी हे वाच.

तुझं पत्र आलं आणि मला घरात बसवेना. हातआरसा पिशवीत टाकला आणि धक्क्याच्या टोकाला गेले. खडकांवर मांजरं लोळत होती, जेवणानंतरच्या आपल्या काकांसारखी. मी बंदराकडे पाठ केली आणि आरसा डोळ्यांसमोर धरला. दादा, आरशात तुझा पडदा होता. किल्ला डावीकडे, पायऱ्या, डोंगर, सगळं जसंच्या तसं.

तेवढ्यात आरशातलं पाणी फुगलं आणि एक शेपटी वर आली. काळी, निथळणारी, घराच्या छपराएवढी रुंद. मी गर्रकन वळले. धक्क्यावर जाळी विणणारे हातसुद्धा थांबले होते. शेपटी जराशी थांबली आणि सावकाश खाली गेली. मला रडूच आलं. आरशात होती तशीच ती समोर होती. तिला डावं-उजवं नाहीच. मधली ती खाच, दोन्हीकडे झुकलेली टोकं, अगदी तू काढलीस तशी. आणि ती तर तू काचेवरही पाहिली नव्हतीस.

तू इथे ये. पुसायचंच असेल तर बघून पूस.

राग आला असेल तर तो इथे येऊन काढ, लोभ तसाच ठेव.

तुझी भिंगरी


ता. २४ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीने वाचून दाखवलं. अर्ध्यापुढे मला वाचवेना. आणलेला पांढरा रंग स्टुडिओच्या दाराला लावला. मालक खूश.

आज एक जोडपं आलं होतं. मुलीने विचारलंच, ती होडी बुडतेय का. मी म्हटलं, तो देवमासा आहे, माझ्या बहिणीने पाहिलाय. तिने खुर्ची जरा बाजूला सरकवून घेतली, शेपटी झाकली जाऊ नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं निघतो. इतकी वर्षं मी तिकडे फिरकलो नाही, कारण खऱ्या बंदराची मला भीती वाटायची. अजूनही वाटते. उरलेले आशीर्वाद भेटीत देईन. मला धक्क्यावर घेऊन चल, पण आरसा आणू नकोस. मला ते आहे तसं बघायचंय.

दादा