बांगड्यांचं माप

सर,

यंदा जूनपासून आपल्या शाळेत मुली येणार आहेत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून हे तुमच्या डोळ्यांदेखत होत नाहीये, एवढंच. रविवारी माजी विद्यार्थ्यांची बैठक झाली. पन्नाशी ओलांडलेले, पोटं सुटलेले आम्ही सगळे आधी मिसळ चापून बसलो आणि मग शाळेच्या शिस्तीची काळजी करायला लागलो. 'मुली आल्या की पोरांचं लक्ष उडणार,' एक म्हणाला. दुसरा म्हणाला, 'सर असते ना, तर गेटच्या आत येऊ दिलं नसतं. सरांनी आपल्याला मर्द बनवलं यार!' टाळ्या पडल्या. त्यात स्मरणिकेसाठी तुमच्यावर लेख लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण मी तुमचा लाडका.

लाडका होतोच. आमच्या त्र्यंबकहून येणारी एसटी वेळेवर येईलच असं नाही, म्हणून दहावीच्या परीक्षेत तुम्ही मला आठ दिवस घरी ठेवून घेतलंत. भूमिती मला कळली ती तुमच्या ओट्यावर बसून. मुलांच्या शाळेत चांगलं काहीच नव्हतं असंही मी म्हणणार नाही. झाडू हातात द्यायला वर्गात मुलीच नव्हत्या, त्यामुळे वर्ग आम्हीच झाडायचो, गॅदरिंगची रांगोळीही आम्हीच काढायचो आणि कुणाला त्याची लाज वाटायची नाही. माझी बायको मुलींच्या शाळेतली. ती म्हणते, 'आमच्याकडे बाक उचलायला मुलगे शोधावे लागत नव्हते, आम्हीच उचलायचो.' हे सगळं कबूल. पण तुमच्या कपाटातला तो पुठ्ठ्याचा खोका आठवला की या सगळ्यावर पाणी पडतं.

मी सातवीत होतो. वर्गात यापुढे जो रडेल त्याला बांगड्या भरायच्या, असं तुम्ही जाहीर केलंत आणि मला जवळ बोलावलंत. 'तुझ्या आईचं बांगड्यांचं दुकान आहे ना? उद्या डझनभर हिरव्या आण.' संध्याकाळी आईला मी एवढंच सांगितलं की सरांनी मागितल्यात. तिला वाटलं, तुमच्या मुलीसाठी. 'माप काय पोरीचं?' तिने विचारलं. 'माझ्याएवढीच आहे,' मी म्हणालो. आई माझा हात हातात घेते, अंगठा आत दुमडते, हळूहळू दाबत एक बांगडी चढवून बघते. 'नाजूक हात हे रे तुझा,' म्हणून हसते. मग चांगल्यातल्या निवडून, एकेक वाजवून, कुठे चिरलेली नाही ना ते पाहून कागदात गुंडाळून देते. 'सरांना सांग, आवडल्या तर अजून देते.'

त्या बांगड्या तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कपाटात ठेवल्यात. चारच दिवसांत त्या पेठ तालुक्यातल्या एका मुलाच्या वाट्याला आल्या. तो होस्टेलवर राहायचा, घरची आठवण आली की भर तासाला रडायचा. तुम्ही त्याला बाकावर उभं केलंत. 'नाय रडत आता सर, नाय रडत,' तो म्हणत होता. त्याचा हात शेतात राबलेला, माझ्याहून रुंद. बांगडी चढेना, तुम्ही जोर लावलात आणि ती फुटली. मनगटातून रक्त आलं तर तुम्ही म्हणालात, 'पुसा बाई पदराने.' सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो, कारण बांगड्या आमच्या दुकानातल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो मुलगा परत आला नाही, आणि त्याची चौकशी आम्ही कुणीच केली नाही.

मला किळस येते, सर. तुमच्या घरच्या त्या आठ दिवसांची तर जास्तच. काकू हातभर हिरव्या बांगड्या घालून मला गरम पोळी वाढायच्या, समोर तुमची मुलगी जेवत असायची, आणि तुम्ही तिच्या ताटात आधी भाजी वाढायचात. जे त्या दोघींच्या हातात शोभत होतं, ते वर्गात आम्हाला शिवी म्हणून शिकवताना तुमची जीभ जराही अडखळली नाही? वर्गात एखादी मुलगी असती तर खोका कपाटातच राहिला असता, असं मी स्वतःला सांगत असतो. पण खात्री नाही. जिथे मुलं-मुली एकत्र शिकतात तिथेही 'मुलींत नेऊन बसवीन' ही धमकी असतेच. निदान तिथे ती ऐकायला मुली समोर असतात, एखादी उठून विचारू तरी शकते. आम्हाला विचारणारं कुणी नव्हतं.

हे सगळं बैठकीत बोलायला हवं होतं. नाही बोललो. स्मरणिकेचा लेख काल देऊन टाकला. त्यात भूमिती आहे, ओटा आहे, काकूंच्या पोळ्याही आहेत. खोका नाही. लेख आईला वाचून दाखवला. ती आता पंचाऐंशीची आहे, दुकान कधीच बंद झालं, पण गिऱ्हाइकांचे हात तिला अजून आठवतात. लेख संपल्यावर तिने विचारलं, 'सरांच्या पोरीला बसल्या व्हत्या ना रे त्या बांगड्या?'

'हो,' मी म्हणालो. 'अगदी बरोबर बसल्या.'