व्याह्यांच्या टेकडीवरची बादली

लाडक्या लमाराताई,

तुझी सगळी दुखणी मला लागोत, गुडघ्याचं सोडून. ते मला आधीच आहे. भाऊजींचा खोकला उतरला का? त्यांना म्हणावं, कुताइसीच्या दमट हवेत बसून राहण्यापेक्षा आमच्याकडे अनागाला या, खडखडीत बरे व्हाल. (आमंत्रण मनापासून आहे, पण पत्र पूर्ण वाचून मगच निघा.) मी बरा आहे, म्हणजे खातोपितो, झोपतो. पण डोकं पार चक्रावून गेलंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणापुढे मोकळं करू?

थेओना तुला बोललीच असेल. आपली पोरगी त्या टेकडीवरच्या नव्या वाइनघरात येणाऱ्या पाहुण्यांना वाइन ओतून देते, आणि मालक मेराबच्या मुलाने, दाचीने, तिला मागणी घातलीय. मेराबने निरोप पाठवला, 'शनिवारी वाइन चाखायला या, बोलणंही होईल.' आता तूच सांग, मुलीच्या बापाला असं बोलावल्यावर त्याने काय समजायचं? मी समजलो, जेवण आहे. सकाळपासून पोट रिकामं ठेवलं, माझ्या लग्नातला कोट चढवला (बटण लागत नाही, म्हणून उघडाच), आणि गुडघ्याला शिव्या देत टेकडी चढलो. थेओनाची आई, नुनू असती तर निघताना चीजचा तुकडा तोंडात कोंबला असता तिने. पण ती नाही, आणि हे मला वर्ष होत आलं तरी रोज नव्याने कळतं.

वर जाऊन बघतो तर लांबलचक टेबल, पांढरीशुभ्र चादर, आणि खायला काय? कोरडी बिस्किटं! ना भट्टीतली गरम रोटी, ना चीज, ना मटणाचा वास. पेल्यांची मात्र प्रत्येकासमोर रांग, आणि मधोमध एक चकचकीत बादली. भोवती परदेशी पाहुणे, परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. थेओनाने माझ्या पेल्यात वाइन ओतली, म्हणजे पेल्याचा तळ ओला केला. मला वाटलं, संपत आली असेल. बिचाऱ्याची अब्रू जायला नको म्हणून आणखी मागितली नाही. मग वाट पाहत राहिलो की कुणीतरी तमादा होऊन उठेल, पेला उंचावून रीतसर बोलेल, देवासाठी, देशासाठी, घरच्यांसाठी. त्याशिवाय घोट घ्यायला आपण काय बेवडे आहोत? पण कुणी उठेचना! सगळे पेल्यात नाक खुपसून हुंगायला लागले. आपल्यात दुसऱ्याच्या घरची वाइन कोण हुंगतं? ज्याला ती बिघडल्याचा संशय येतो तो. एक उंच बाई तर डोळे मिटून इतकी हुंगत होती की मला वाटलं, हिला पडसं झालंय. मग तिने घोट घेतला, तोंडात खुळखुळवला, आणि ताई, बादलीत थुंकली! पाठोपाठ बाकीचेही. यजमानाच्या तोंडासमोर! आणि मेराब हसत होता.

मला काही म्हणता काही उमजेना. एवढा अपमान झाल्यावर माणूस हसतो कसा? म्हटलं, धक्क्याने बिचाऱ्याचं भान सुटलंय. आपली पोर ज्या घरात जायची त्या घराची लाज मी नाही राखायची तर कुणी? म्हणून आजूबाजूच्यांचे पेले ओढून घेतले आणि 'वा! वा!' करत एकेक तळापर्यंत रिकामा केला. थेओना मागून कोट ओढत होती, 'अहो बाबा, ते थुंकायचंच असतं!' मी म्हटलं, 'गप गं, मी सांभाळतो सगळं.'

रिकाम्या पोटी ते सगळं डोक्यात गेलं, आणि उठलो. तमादा नाही ना? मग मीच तमादा! शांततेसाठी प्यालो, द्राक्षवेलींसाठी प्यालो, त्या बाईच्या पडशाला उतार पडावा म्हणूनही प्यालो. पाहुणे खूश, टाळ्या वाजवायला लागले. मेराब म्हणाला, 'बोला व्याही, बोला!' (व्याही म्हणाला, बरं का.) तेव्हा मी गेलेल्यांसाठी पेला उचलला. नुनूचं नाव घेतलं. आवाज जरा फाटला, ते जाऊ दे. सगळे उभे राहिले, मला फार बरं वाटलं. आणि त्या बाईने घोट घेतला, मान डोलावली, आणि माझ्या नुनूच्या नावाची वाइन बादलीत थुंकली.

मी ती बादली उचलली आणि खिडकीतून भिरकावली. मेराबला म्हटलं, 'गेलेल्या माणसाचा पेला जिथे थुंकतात, त्या घरात माझी मुलगी येणार नाही!' आणि निघालो. पायथ्याशी आलो तर बादली आधीच पोचलेली. तेव्हापासून थेओना माझ्याशी बोलत नाही. भांड्यांशी बोलते, मोठमोठ्याने. तर स्थळ मोडलं. निर्णय पक्का आहे, तू मध्ये पडू नकोस.

तुझा धाकटा,
जुंबेर

ता. क. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. नाचायचंय, तेव्हा चांगल्या चपला आण.

आणखी एक ता. क. झालं काय, पत्र लिहून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दाची एकटाच आला. त्याला व्हरांड्यात बसवलं आणि मुद्दाम आपल्या रांजणातली वाइन काढली. आता तुला म्हणून सांगतो, यंदाची आपली वाइन आंबून निव्वळ शिरका झालीय. जमिनीत पुरलेल्या त्या रांजणांत उतरून नुनू ते घासायची. मी वरून झाकण लावायचो आणि मोठेपणा घ्यायचो. यंदा मीच घासले (म्हणजे पाणी ओतलं). तिच्यामागची पहिली वाइन, आणि मी तिची ही गत केली. कुणाला तोंड दाखवू? मी नुनूसाठी पेला उचलला. दाचीही उठला, तिचं नाव घेतलं, पेला रिकामा केला, उलटा करून दाखवला, आणि पुन्हा पुढे केला. मी हो म्हणून टाकलं. आणखी प्याला असता तर पोरगा हातचा गेला असता. तेव्हा साखरपुड्याला भाऊजींच्या घरची वाइन घेऊन या, भरपूर, आणि वर सफरचंदांची खोकी रचा. तुमच्या इमेरेती प्रांतातली वाइन पातळ असते असं मी जन्मभर म्हणत आलो, ते शब्द मागे घेतो.

शेवटची ता. क. थेओनाने हे सगळं वाचलं आणि माझ्याशी बोलली. म्हणते, 'वाइन बिघडलीय हे मला हिवाळ्यापासून ठाऊक आहे. दाचीला मीच आधी बजावलं होतं, बाबांची नजर चुकवून शेजारच्या जिरेनियमच्या कुंडीत ओत.' मी पेला हातात घेतला की नुनूच्या आठवणीने डोळे पुसत बसतो, त्याला हवा तेवढा वेळ होता. आत्ताच व्हरांड्यात जाऊन बघून आलो. कुंडीतली माती हुंगूनही पाहिली, शिरक्याचा वास नाही. जिरेनियम टवटवीत आहे.