महेशची दृष्ट

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळी सव्वासात, रिपोर्ट फाईलला लावताना.

अण्णा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले, म्हणून आम्हा दोघा भावांच्या जनुकांची तपासणी झाली. त्यांच्या जनुकातला दोष माझ्यात आलाय; धाकट्या महेशमध्ये नाही. दोष आला म्हणजे रोग झाला असं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. तरी महेशचाच रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा वाचतोय. एखादी चूक सापडावी म्हणून? तो सुटला याचा आनंद का होत नाही?

घरी येताच आईने मीठ-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली.

"आणि माझी गं?"

"तुला आता कोण नजर लावतंय, बाळा?" म्हणाली आणि तिनेच डोळ्याला पदर लावला.

मिरच्या तव्यावर जळल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही.

"ठसका न्हाय! म्हंजे लई कडक नजर लागलीय की पोराला," आई म्हणाली.

घरात आम्ही तिघंच. मी मुद्दाम खोकलो.